गाडी पहिली, लायसन नवं, इन्शुरन्सचं काय?

“पहिलीच गाडी ना? आणि वय काय तुझं, बावीस? मग इन्शुरन्स महागच पडणार बघ.”

कामोठ्यात राहणाऱ्या माझ्या एका मैत्रिणीला हे वाक्य महिन्याभरात निदान चार जणांनी ऐकवलं. सोसायटीतले एक काका, गाडी दाखवणारा एजंट, ऑफिसातला सीनियर आणि इंग्लंडमध्ये शिकायला गेलेला चुलतभाऊ. यातला फक्त चुलतभाऊ बरोबर होता, आणि तोही त्याच्या इंग्लंडपुरता. तिकडे विमा जितका गाडीचा, तितकाच चालवणाऱ्याचा. गाडी कोण कोण चालवणार ते पॉलिसीत नावानिशी येतं, आणि विशी-बाविशीतल्या नव्या ड्रायव्हरला सगळ्यात जड प्रीमियम लागतो. त्यामुळे तिथली मुलं गाडीत ‘ब्लॅक बॉक्स’ बसवून घेतात, आपण ब्रेक कसा मारतो ते कंपनीला दाखवतात आणि पैसे वाचवतात. रील्समध्ये ‘यंग ड्रायव्हर इन्शुरन्स’ म्हणून जे सल्ले फिरतात, ते बहुतेक याच दुनियेतले.

आपल्याकडे विमा मुळात गाडीचा असतो. नेहमीच्या पॉलिसीत ड्रायव्हरबद्दल अट एवढीच, की चालवणाऱ्याकडे त्या प्रकारच्या गाडीचं वैध लायसन हवं आणि ते रद्द झालेलं नको. तो बावीसचा की बासष्टचा, हा प्रश्न पॉलिसीच्या या कलमाला पडत नाही.

मग पैसे ठरतात कशावर? त्यासाठी पॉलिसीचे दोन तुकडे करून बघावे लागतात.

पहिला तुकडा थर्ड पार्टी. आपल्या गाडीने दुसऱ्या कुणाचं नुकसान झालं, कुणी जखमी झालं, कुणाचा जीव गेला, तर त्याची भरपाई. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १४६ नुसार हा विमा सक्तीचा आहे. तो नसताना पकडलं गेलं तर पहिल्यांदा २,००० रुपये आणि पुन्हा सापडलं तर ४,००० रुपये दंड आहे. तीन महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते. याचा दर कंपनी ठरवतच नाही, तो सरकारी अधिसूचनेने येतो. १ जून २०२२ पासूनचा दर असा: १,००० सीसीपर्यंतची खासगी कार वर्षाला २,०९४ रुपये, १,००० ते १,५०० सीसी ३,४१६ रुपये आणि त्यावर ७,८९७ रुपये. जीएसटी वेगळा. कुठल्याही कंपनीकडे जा, अ‍ॅपवरून घ्या की ओळखीच्या एजंटकडून, हा आकडा हलत नाही. “थर्ड पार्टीत डिस्काउंट देतो” असं कुणी म्हणालं तर पॉलिसीवरचा क्यूआर कोड तिथल्या तिथे स्कॅन करा आणि मग एमपरिवहन अ‍ॅपमध्ये गाडीचा नंबर टाकून बघा. खोट्या पॉलिसीचे कागद छापणारे लोक आहेत, आणि त्यांचं गिऱ्हाईक बहुधा आपल्या वयाचं असतं.

गंमत इंजिनच्या आकड्यात आहे. वॅगनआर ९९८ सीसीचीही मिळते आणि ११९७ सीसीचीही. बाहेरून बघणाऱ्याला फरक कळणार नाही, पण थर्ड पार्टीच्या दरात दर वर्षी १,३२२ रुपयांचा फरक पडतो. आमच्या ग्रुपमधल्या निम्म्या मुलांच्या फोनच्या वॉलपेपरवर थार आहे. तिचं २१८४ सीसीचं डिझेल घेतलं तर ७,८९७ च्या गटात जाल. १४९७ सीसीवाली मागच्या चाकांची थार घेतलीत तर ३,४१६ मध्ये सुटाल. शोरूममधली मंडळी सनरूफबद्दल अर्धा तास बोलतात, हे सांगत नाहीत. इलेक्ट्रिक कारला याच दरात १५ टक्के सूट आहे. ३० ते ६५ किलोवॉटच्या गटात २,९०४ रुपये.

आणि नवी कोरी गाडी घेताना थर्ड पार्टीचे एकदम तीन वर्षांचे पैसे भरावे लागतात. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १ सप्टेंबर २०१८ पासून हा नियम आहे. छोट्या गाडीला ६,५२१, मधलीला १०,६४०, मोठीला २४,५९६ रुपये. पहिल्या वर्षीचा आकडा बघून घरच्यांचे डोळे पांढरे होतात त्याचं एक कारण हे. पुढची दोन वर्षं तेवढा भाग परत भरायचा नसतो.

दुसरा तुकडा ‘ओन डॅमेज’, म्हणजे आपल्या स्वतःच्या गाडीचं नुकसान किंवा चोरी. हा ऐच्छिक आहे. २००७ पासून याचे दर ठरवायला कंपन्यांना मोकळीक आहे, त्यामुळे खरी घासाघीस इथेच करायची. गाडी कुठली, किती जुनी, कुठे नोंदलेली, आधी क्लेम झालाय का, हे सगळं यात येतं. काही कंपन्या वयही बघतात. पण मग दुसरी कंपनी बघत नसेल, म्हणून चार ठिकाणी विचारायचं. जुन्या दरपुस्तकात मुंबई, पुण्यासह आठ मोठी शहरं ‘अ’ विभागात होती आणि बाकीचा देश ‘ब’ विभागात, जिथे दर किंचित कमी. आपल्या एमएच-४६ चा तेवढाच एक फायदा. बाकी पनवेलचा ट्रॅफिक बघता आपण ‘अ’ मध्येच शोभलो असतो.

तीन आकडे, एकच गाडी

मैत्रिणीने २०१९ ची, ९९८ सीसीची वॅगनआर घेतली. सेकंडहँड, तीन लाखांना. तिची नोकरी तळोजा एमआयडीसीत, शिफ्ट रात्री संपते, आणि कामोठ्याला परतायला त्या वेळी रिक्षावाला जे मागेल ते द्यावं लागतं. म्हणून गाडी. पगारातून हप्ता गेल्यावर इन्शुरन्ससाठी तिने सात हजार बाजूला ठेवले होते. तिच्याकडे तीन कोटेशन आली: ११,८०० रुपये, ७,३०० रुपये आणि ४,८०० रुपये.

आता कुणीही ४,८०० वर बोट ठेवेल. पण आम्ही दोघींनी तिन्ही कागद शेजारी शेजारी मांडून बघितले, तेव्हा कळलं की हे तीन दर एकाच वस्तूचे नव्हतेच.

सगळ्यात स्वस्त कोटेशनमध्ये गाडीची आयडीव्ही १ लाख ७० हजार धरली होती. आयडीव्ही म्हणजे गाडी चोरीला गेली किंवा दुरुस्तीपलीकडे चेपली तर कंपनी जास्तीत जास्त किती देणार तो आकडा. गाडी जुनी होते तसा तो घटतो. एक ते दोन वर्षांच्या गाडीला २० टक्के, चार ते पाच वर्षांच्या गाडीला ५० टक्के घट धरतात, आणि पाच वर्षांपुढे कंपनी आणि आपण मिळून ठरवायचा. ‘मिळून’ म्हणजे आपण बोललो तर. नाही बोललो तर कंपनी एकटी ठरवते. तीन लाखांची गाडी उद्या चोरीला गेली तर हिच्या हातात १ लाख ७० हजार, आणि बँकेचं कर्ज त्याहून जास्त. प्रीमियम स्वस्त झाला नव्हता, गाडी स्वस्त केली होती. शिवाय त्यात मालक-चालकाचा अपघात विमाही गाळलेला. त्याबद्दल पुढे सविस्तर, कारण माझ्या मते या अख्ख्या विषयातली सगळ्यात मोठी गोष्ट तीच आहे.

११,८०० वाल्यात उलट सगळंच होतं. झिरो डेप, चावी हरवल्याचं कव्हर, सामान हरवल्याचं कव्हर. झिरो डेप म्हणजे क्लेमच्या वेळी सुट्या भागांची घसारा-कपात होत नाही. साध्या पॉलिसीत प्लास्टिक, रबर, टायर, बॅटरी यांच्या किमतीचे निम्मे पैसे आपल्याला भरावे लागतात. गाडी नवी असेल आणि चालवणारा त्याहून नवा असेल तर पहिली दोन-तीन वर्षं झिरो डेप घ्यावं, असं मला वाटतं. बंपर घासणार हे नक्की असतं. सहा वर्षांच्या वॅगनआरला मात्र ती चैन तिने सोडली. चावी हरवल्याचं कव्हर तर तिने हसूनच खोडलं.

शेवटी ७,३०० वाल्याशी बोलून तिने आयडीव्ही २ लाख ८० हजार कायम ठेवली, अपघात विमा ठेवला आणि ‘व्हॉलंटरी डिडक्टिबल’ घेतलं. म्हणजे प्रत्येक क्लेममधले पहिले अमुक इतके रुपये मी भरीन असं आधीच कबूल करायचं आणि त्याबदल्यात प्रीमियम कमी करून घ्यायचा. सक्तीची कपात १,५०० सीसीपर्यंत १,००० रुपये असतेच. ही त्याच्या वरची. सात हजारांच्या आत बसलं. पॉलिसी देण्याआधी कंपनीने फोनवरून गाडीचा चारही बाजूंनी व्हिडिओ मागवला. जुन्या गाडीला हे लागतंच, तेव्हा गाडी धुऊन घ्या.

नवी गाडी घेणाऱ्यांसाठी एकच गोष्ट: शोरूममध्येच इन्शुरन्स घ्यायची सक्ती नाही. विमा नियामक इर्डाच्या २०१७ च्या नियमांनुसार डीलर तुम्हाला कंपनी निवडण्यापासून अडवू शकत नाही. बाहेरचं कोटेशन फोनवर उघडून समोर ठेवलं की शोरूमचाही आकडा बहुतेक वेळा खाली येतो.

गाडी कमी फिरणार असेल तर ‘पे अ‍ॅज यू ड्राइव्ह’ विचारा. जुलै २०२२ मध्ये इर्डाने त्याला परवानगी दिली: वर्षाचे किलोमीटर आधी सांगायचे, तेवढ्यापुरता ओन डॅमेजचा प्रीमियम भरायचा. रोज लोकलने जाणाऱ्या आणि शनिवार-रविवारीच गाडी काढणाऱ्या पनवेलकराला हे परवडतं. रोज तळोजा गाठणाऱ्याला नाही.

बंपर आणि बोनस

एनसीबी, म्हणजे ‘नो क्लेम बोनस’, हा शब्द पाठ करून ठेवा. वर्षभर क्लेम केला नाही तर पुढच्या वर्षी ओन डॅमेजच्या प्रीमियममध्ये २० टक्के सूट, मग २५, ३५, ४५ आणि पाच वर्षांनी ५० टक्के. एक क्लेम केला की पुन्हा शून्यावर. पॉलिसी संपून ९० दिवस उलटले तरी शून्यावर.

समजा तुमचा ओन डॅमेजचा मूळ प्रीमियम ६,००० रुपये आहे आणि पहिलं वर्ष बिनक्लेम जाऊन २० टक्के सूट मिळाली आहे. दुसऱ्या वर्षी ओरायन मॉलच्या पार्किंगमध्ये खांबाला बंपर लागला. नवा बंपर ३,००० रुपये. प्लास्टिक, म्हणून निम्मे गेले, उरले १,५००. त्यातून सक्तीचे १,००० वजा. हातात आले ५००. आणि पुढच्या वर्षी मिळणारी २५ टक्के सूट, म्हणजे १,५०० रुपये, गेली. पाचशेसाठी दीड हजार घालवले. मजुरी आणि रंगकाम धरलं तर आकडे थोडे इकडेतिकडे होतील, पण नवा ड्रायव्हर घाबरून पहिल्या ओरखड्यालाच क्लेम करतो आणि गॅरेजवाला “होऊन जाईल क्लेममध्ये” म्हणतो, तेव्हा हा हिशोब कुणी करत नाही.

एनसीबी गाडीचा नसतो, मालकाचा असतो. सेकंडहँड गाडी घेताना “बघ, पन्नास टक्के एनसीबी आहे” असं विकणारा सांगत असेल तर तो त्याचा आहे, तुम्हाला मिळणार नाही. तुमची सुरुवात शून्यापासूनच. पण याची दुसरी बाजू फायद्याची आहे. बाबांनी जुनी कार विकली असेल तर त्यांच्या कंपनीकडून एनसीबीचं पत्र घेऊन ठेवा. ते तीन वर्षं चालतं, आणि बाबांच्याच नावावर घेतलेल्या पुढच्या कारला लागतं. नव्या गाडीचा ओन डॅमेज प्रीमियम १८,००० असेल तर सरळ ९,००० वाचतात. स्कूटरचा बोनस मात्र कारला लागत नाही.

जुन्या मालकाची पॉलिसी अजून बरेच महिने शिल्लक असेल तर ती आपल्या नावावर करून घेणं बहुतेकदा सगळ्यात स्वस्त पडतं: किरकोळ फी आणि उरलेल्या दिवसांच्या एनसीबीचा फरक, बस्स. पण ते करावं लागतं. फॉर्म २९-३० भरून गाडी नावावर झाली, पार्टी दिली, स्टोरी टाकली, आणि पॉलिसी राहिली जुन्याच नावावर, असं सर्रास होतं. कायद्याच्या कलम १५७ नुसार थर्ड पार्टीचं कव्हर गाडीबरोबर आपोआप येतं, पण ओन डॅमेजचं येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच ‘कम्प्लीट इन्सुलेशन्स’ खटल्यात हे स्पष्ट केलंय. चौदा दिवसांत विमा कंपनीला कळवायचं. विकणाऱ्यालाही यात सूट नाही. ‘नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार’ या २०१८ च्या निकालात गाडी हातोहात पुढे विकली गेली होती, पण आरसीवर नाव पहिल्याचंच होतं. अपघाताची भरपाई त्याच्याच गळ्यात पडली.

गाडीत बसलेल्यांचं काय?

इथपर्यंत सगळं पैसे वाचवण्याचं झालं. आता जिथे वाचवू नये ते.

आपल्या वयात गाडी एकट्याने चालवली जात नाही. पावसाळ्यात देहरंगला जायचं, माळशेजला जायचं, रात्री अकराला कुणीतरी म्हणतं लोणावळा, आणि पाच जण कोंबून बसतात. नुसती थर्ड पार्टी पॉलिसी असलेल्या खासगी कारमध्ये बसलेले हे मित्र ‘थर्ड पार्टी’ धरले जातीलच असं नाही. ‘नॅशनल इन्शुरन्स विरुद्ध बालकृष्णन’ या २०१२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने फरक केला तो इथेच: सर्वसमावेशक, म्हणजे पॅकेज पॉलिसी असेल तर कारमधल्या प्रवाशांची जबाबदारी कंपनीची, फक्त कायद्यापुरती पॉलिसी असेल तर तसं नाही. दुचाकीवर मागे बसणाऱ्याबाबतही २००६ मध्ये ‘तिलक सिंग’ खटल्यात न्यायालयाने असंच म्हटलं होतं. वर्षाचे तीन-चार हजार वाचवायला आपण जी ‘फक्त थर्ड पार्टी’ घेतो, त्यात रस्त्यावरचा अनोळखी माणूस सुरक्षित असतो आणि मागच्या सीटवरचा मित्र नसतो.

आणि स्टिअरिंगवर बसलेला?

इथे बहुतेक घरांत गफलत आहे. बाबांच्या नावावर गाडी, एनसीबी ५० टक्के, प्रीमियम मस्त कमी, मुलगा किंवा मुलगी चालवते. गाडीच्या क्लेमला यात अडचण नाही. पण पॉलिसीतला १५ लाखांचा ‘मालक-चालक’ अपघात विमा फक्त मालकाला लागू आहे: आरसीवर ज्याचं नाव आणि ज्याच्याकडे लायसन, तो. मुलगी चालवत असताना तिला काही झालं तर त्या १५ लाखांशी तिचा संबंध नाही. थर्ड पार्टीतूनही मिळेल असं नाही. ‘निंगम्मा’ खटल्यात माणूस दुसऱ्याची मोटरसायकल घेऊन गेला होता आणि बैलगाडीला धडकून गेला. कायद्यातल्या १६३अ कलमाखाली, म्हणजे चूक कोणाची हे सिद्ध न करता, त्याच्या घरच्यांनी मागितलेली भरपाई सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये मान्य केली नाही, कारण गाडी मागून नेणारा मालकाच्याच जागी येतो, आणि मालक स्वतःच्याच पॉलिसीत तिसरा पक्ष नसतो. समोरच्याची चूक असेल तर त्याच्या विम्यातून भरपाई मागता येते. पण गाडी स्वतःच घसरली, झाडावर गेली, तर?

मी आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर विचारलं. गाडी चालवणाऱ्या अकरा जणांपैकी दहा जण घरच्यांच्या नावावरची गाडी चालवतात. स्वतःच्या नावाचा अपघात विमा असलेला एक निघाला, आणि तोही त्याच्या कंपनीने काढून दिलेला. हा काही सर्व्हे नाही, एका ग्रुपची गोष्ट आहे. तुमच्या ग्रुपवर विचारून बघा.

कंपनी तेव्हा तुमच्याकडे बघते

प्रीमियम घेताना ज्यांना तुमच्या लायसनशी देणंघेणं नव्हतं, ते क्लेमच्या वेळी सगळ्यात आधी तेच मागतात. लर्निंगवर चालवत असाल तर गाडीला ‘एल’ हवा आणि शेजारी, गरज पडल्यास गाडी ताब्यात घेऊ शकेल असा, पक्कं लायसन असलेला शिकवणारा हवा. लर्निंगवर एकट्याने कॉलनीत फेरी मारताना काही झालं तर गाडीचे पैसे विसरा. दुसऱ्याला इजा झाली तर? ‘स्वर्ण सिंग’ या २००४ च्या निकालाप्रमाणे अशा वेळी कंपनीने जखमीला आधी पैसे द्यायचे आणि मग गाडीमालकाकडून वसूल करायचे, असं होऊ शकतं. मालक म्हणजे पुन्हा बाबा. अठराच्या आतल्या भावंडाला चावी दिली तर प्रकरण विम्यापलीकडे जातं. कलम १९९अ मध्ये पालकाला किंवा मालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद आहे.

दुसरी गोष्ट खास आपल्याकडची. कळंबोलीला पुण्याच्या बसची वाट बघत उभे राहा, पाच मिनिटांत पांढऱ्या नंबरप्लेटची एखादी कार थांबून “पुणे, पुणे” करते. हप्ता फेडायला शनिवारी दोन फेऱ्या मारणारी आपल्या वयाची मुलं त्यात आहेत. त्यांचा हिशोब मला कळतो. पण खासगी पॉलिसीत भाड्याने प्रवासी नेणं बसत नाही, आणि घाटात काही झालं तर मागे बसलेल्यांनी भाडं दिलं होतं एवढं एक वाक्य क्लेम बुडवायला पुरतं. मित्राला गाडी ‘रेंट’वर देणाऱ्यांचंही तेच.

आणि पाऊस. २६ जुलै २००५ ला कळंबोली पाण्यात गेली, तेव्हा आम्ही अंगणवाडीच्याही वयाचे नव्हतो, पण घराघरांत ती गोष्ट ऐकलेली असते. पॅकेज पॉलिसीत पुराचं नुकसान धरलेलं असतं. पण पाण्यात बंद पडलेली गाडी चावी फिरवून पुन्हा सुरू केली, पाणी इंजिनात गेलं आणि आतले रॉड वाकले, तर साध्या पॉलिसीत कंपनी हात वर करते. त्यासाठी ‘इंजिन प्रोटेक्ट’ वेगळं घ्यावं लागतं. गाढीच्या काठाला किंवा कळंबोली-कामोठ्याच्या खोलगट सेक्टरांत गाडी उभी राहत असेल तर बाकीचे सगळे अ‍ॅड-ऑन सोडा, पण हे घ्या. आणि पाण्यात अडकलात तर चावीला हात लावू नका. ढकला, टो करा, फोटो काढा. मैत्रिणीने हे कव्हर घेतलंय. तिच्या बिल्डिंगचं पार्किंग दरवर्षी घोट्यापर्यंत भरतं.

क्लेम अडला तर कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी द्या. तिथे दाद लागली नाही तर इर्डाचं ‘बीमा भरोसा’ पोर्टल आहे, पुढे विमा लोकपाल आहेत. लोकपालांकडे फी लागत नाही आणि वकीलही लागत नाही.

राहता राहिला स्वतःचा अपघात विमा. गाडी तुमच्या नावावर असेल तर पॉलिसीत तो आहे ना, एवढं तपासा. २०१८ मध्ये इर्डाने १५ लाखांच्या या कव्हरचा प्रीमियम वर्षाला ७५० रुपये ठरवला होता. नंतर कंपन्यांना मोकळीक मिळाली. तेवढ्या रकमेचा वैयक्तिक अपघात विमा आधीच काढलेला असेल तर गाडीबरोबर परत घ्यावा लागत नाही, आणि कार व स्कूटर दोन्ही नावावर असतील तर दोनदा भरावा लागत नाही. गाडी घरच्यांच्या नावावर असेल तर वैयक्तिक अपघात विमा वेगळा काढा, म्हणजे कुणाचीही गाडी चालवा, मागच्या सीटवर बसा किंवा लोकलच्या दारात उभे राहा, तो तुमच्याबरोबर असतो.

आणि महिनाअखेर असेल, खात्यात काहीच नसेल, तर निदान ‘प्रधानमंत्री सुरक्षा बीमा योजना’ तरी. वय १८ ते ७०, अपघाती मृत्यूला २ लाखांचं कव्हर, वर्षाला २० रुपये. बँकेच्या अ‍ॅपमध्येच फॉर्म असतो. मुदत १ जून ते ३१ मे अशी धरतात, आणि पैसे खात्यातून आपोआप कापले जातात, तेव्हा मे महिन्याच्या शेवटी खात्यात २० रुपये राहू द्या.